खदिराच्या झोपडीतला ससा

पूर्वी मिथिला नगरीत विरोचन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने वेशीबाहेरच्या एका कुंभाराच्या घरी जन्म घेतला होता. त्याच्या भट्टीपलीकडे, रानाच्या कडेला, खदिर नावाचा पारधी एकटाच राहत असे. वीस वर्षे त्याने सशांसाठी फासे लावले. मांस बाजारात जाई, कातडी झोपडीच्या कुडावर वाळत.

एकदा फाशात एक ससा जिवंत सापडला. मान मुरगळायला खदिराने हात पुढे केला, तेव्हा सशाने धडपड केली नाही. नुसते त्याच्याकडे पाहिले. खदिराचा हात जागीच राहिला. का, ते त्याचे त्यालाच कळले नाही. त्याने सशाला घरी आणले आणि याला आता पाळायचे असे ठरवले.

पण ससा दोन दिवस कोपऱ्यात थरथरत राहिला. समोरच्या दूर्वा तशाच सुकल्या. खदिराने त्याला उचलून पोटाशी धरले, तर त्याचे काळीज इतके धडधडू लागले की आता हा मरतो या भीतीने खदिराने त्याला खाली ठेवले. आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. ससा त्याच्याकडे बघतच नसे. तो बघे खदिराच्या खांद्यावरून मागे. मग मागचा पाय भुईवर आपटे, आणि वारा पडलेला असला तरी कुडावरची कातडी हलत.

तिसऱ्या दिवशी खदिर बोधिसत्त्वाकडे गेला. बोधिसत्त्वाने येऊन झोपडीत चहूकडे पाहिले आणि म्हटले, "खदिरा, तू याला एकटा कुठे भेटतोस? तुझ्या अंथरुणावर, कुडावर, हातांच्या वासात याचे सगळे गणगोत आहे. ते आधी मातीला दे."

कातड्यांचा व्यापारी चार दिवसांत यायचा होता. त्याच्यावरच खदिराचा हिवाळा निघायचा.  तरी उठून त्याने अंथरुणावरचे, कुडावरचे एकेक कातडे उतरवले. दोघांनी झोपडीमागे खड्डा खणून ती पुरली. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून बोधिसत्त्वाने वर भट्टीची राख पसरली. हिवाळाभर माझ्याकडे माती मळायला ये, जे शिजेल ते दोघे खाऊ, असेही त्याने सांगितले.

नंतर त्याने खदिराला हात धुवायला लावले आणि सशाकडे पाठ करून भुईवर बसवले. हात मागे, तळवा उताणा, त्यात दूर्वा. बोलायचे नाही, वळायचे नाही, धरायचे तर मुळीच नाही.

ऐन दुपारची वेळ होती. रान चिडीचूप झाले होते. खदिराला पाठीमागे श्वास ऐकू येऊ लागले. एकाचे नव्हेत. मानेवर कुणाची तरी नजर टेकली. मग कोपऱ्यात सशाने पाय आपटला, आणि त्याला ओ द्यावी तशी झोपडीभोवतालची भुई धपधपू लागली.

खदिर घामाने भिजला. "दादा, ते मला न्यायला आलेत," तो कुजबुजला. "मला पळू दे."

दाराशी बसलेला बोधिसत्त्व म्हणाला, "तुला आत्ता जे वाटते आहे, तेच याला तू जवळ आलास की वाटते. बसून राहा."

आपल्याला निदान पळता तरी येईल, फाशातल्याला तेही येत नाही, असे खदिराच्या मनात आले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तो हलला नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. तळव्याला काहीतरी ओलसर लागले. ससा दूर्वा खात होता. खाऊन झाल्यावर त्याने आपली हनुवटी खदिराच्या बोटांवर टेकवली. बाहेरची धपधप थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे झोपडीमागे गेले. राखेवर सशांची असंख्य पावले उमटली होती. सगळी खड्ड्यापासून निघून रानाकडे गेलेली. खड्ड्याकडे येणारे एकही पाऊल नव्हते.

जेतवनात ही कथा सांगून तथागत शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा खदिर म्हणजे आजचा स्थविर उत्तिय. नवे, पोरवयाचे श्रामणेर घाबरले की त्याच्याच शेजारी येऊन निजतात. तो ससा म्हणजे भिक्षुणी सामा, आणि तो कुंभार मीच होतो. ज्याला अभय द्यायचे, त्याचे भय आधी आपल्याला सोसावे लागते. या सोसण्याला क्षांती म्हणतात."