न चिरडलेले लिंबू

घाटाच्या पायथ्याशी एकदा एक वृद्ध शिक्षक राहत असत. आयुष्यभर त्यांनी एकच विद्या शिकवली, चालती गाडी थांबवण्याची. "पळवायला शिकवणारे पुष्कळ आहेत," असे ते म्हणत, आणि इतक्या वेळा म्हणत की त्यांची लाडकी शिष्या शर्वाणी ते वाक्य त्यांच्या आधीच संपवून टाकी. सरांना राग येत नसे. ते फक्त पुढच्या वेळी थोडे लवकर सुरू करत.

या शर्वाणीने एक स्वयंचलित ब्रेक तयार केला होता. समोर माणूस, गुरे किंवा दरड आली आणि ड्रायव्हरचे लक्ष नसले, तर तो आपणहून लागे. घाटमाथ्यावरच्या वाड्यांतली मुले खालच्या शाळेत आणण्यासाठी एका व्यापाऱ्याने व्हॅन घेतली होती आणि तिच्यात हा ब्रेक बसवला होता. सरांनी होकार दिला की सोमवारपासून मुले त्या व्हॅनमधून घाट उतरणार होती.

ब्रेकच्या परीक्षेच्या सकाळी ते व्यापारी शेठ पूजेचे ताट घेऊन आले. नारळ, हळदकुंकू आणि नव्या गाडीच्या चाकाखाली चिरडायला लिंबे.

"एक विचारायचं होतं," शेठ म्हणाले. "आमचे ड्रायव्हर उतारावर इंजिन बंद करतात. डिझेल वाचतं. तेव्हा लागेल ना तुमचा ब्रेक?"

"माझं यंत्र बॅटरीवर चालतं, शेठ," शर्वाणी ताठ मानेने म्हणाली. "इंजिन बंद असलं तरी ब्रेक लागणारच."

आवारातल्या हलक्या उताराच्या तळाशी सरांनी जुन्या गाद्यांची भिंत रचायला लावली. ताटातले एक लिंबू उचलले आणि त्या भिंतीच्या पुढ्यात, बरोबर चाकाच्या रेषेत ठेवले. मग ते स्वतः व्हॅनमध्ये बसले, इंजिन बंद केले, एक हात हँडब्रेकवर ठेवला आणि व्हॅन उतारावर सोडून दिली.

शर्वाणीच्या यंत्राने गाद्या ओळखल्या. व्हॅन लिंबापासून चांगली लांब थांबली. शेठनी टाळ्या वाजवल्या.

"आता ढकलत वर न्या," सर म्हणाले.

"ढकलत? सर, चावी लागलेलीच आहे की!"

"असू दे. इंजिन सुरू करायचं नाही."

शर्वाणी, शेठ आणि शेठचे दोन ड्रायव्हर व्हॅन ढकलू लागले. "पूजेला बोलावलंत की हमालीला?" शेठ धापा टाकत म्हणाले. "यांना कोडं सुचलं की आमचे हाल ठरलेले," शर्वाणी पुटपुटली, पुरेशा मोठ्याने.

व्हॅन पुन्हा उतरली. थांबली, पण लिंबाच्या बरीच जवळ.

"अजून एकदा."

तिसऱ्या खेपेला यंत्राने ब्रेक लावल्याचा तोच ओळखीचा आवाज आला, पण व्हॅन थांबली नाही. तशीच खाली येत राहिली. लिंबू चाकाखाली फुटले, व्हॅन गादीला टेकली आणि मग सरांनी हँडब्रेक ओढला.

"चिरडलं!" शेठ आनंदाने ओरडले. "मुहूर्त साधला!"

शर्वाणीचा चेहरा उतरला होता. सर खाली उतरले आणि तिला आपल्या जागी बसवले.

"दाब ब्रेक."

तिने दाबला. पेडल जेमतेम हलले. तिने दोन्ही पाय लावले.

"दगड झालाय, सर."

"घाटात ड्रायव्हरच्या पायाखाली हाच दगड आला असता. मागे मुलं बसलेली असताना." सर व्हॅनच्या पायरीवर टेकले. "पोरी, पायाला जोर देणारा तो बूस्टर म्हणजे एक रिकामा डबा. इंजिन त्यातली हवा ओढून काढतं. ब्रेक दाबला की बाहेरची हवा एका बाजूने आत घुसते आणि तिचा रेटा आपल्याला मिळतो. त्या डब्याचं रिकामेपण हीच त्याची ताकद. दर वेळी ते थोडं भरतं, आणि इंजिन बंद असेल तर पुन्हा रिकामं करणारं कोणी नसतं. तुझं यंत्र बॅटरीवर पाहतं, बॅटरीवर ठरवतं, पण ब्रेक लावायला जोर त्याच डब्यातून घेतं. ड्रायव्हरच्या वाट्याचा. मदतीला धावणाऱ्याने मदत कोणाच्या ताटातून उचलली, ते आधी बघावं."

शर्वाणीने पेडलवरचे पाय काढून घेतले. मग ती एकदम उसळून म्हणाली, "हे तुम्ही सकाळीच सांगायला हवं होतं!"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. भांडले असते. तरी सांगायला हवं होतं. उद्या तुमच्यासमोर न येता कोणी अशी गाडी घाटात नेली तर? तिथे कोडं घालायला तुम्ही असाल?"

सर हळूच हसले. "खरं आहे. म्हाताऱ्यांना कोडी घालायची खोड असते. यापुढे आधी सांगेन, मग भांडू."

त्या आठवड्यात दोघेही भांडत भांडत कामाला लागले. शर्वाणीने डब्यावर एक मापक बसवला. यंत्राने ब्रेक लावण्याआधी आणि लावल्यानंतरही तो डब्यात उरलेल्या जोराचा अंदाज घ्यायचा. जोर कमी होतोय असे दिसले की विजेचा छोटा पंप हवा ओढू लागायचा, तेवढ्याने भागले नाही तर इंजिन आपणहून सुरू व्हायचे, आणि समोर दिवा लागून ड्रायव्हरलाही कळायचे. "सांगायचं राहिलं नाही ना काही?" तिने मुद्दाम विचारले. "ड्रायव्हरांनाही सांग," सर म्हणाले, "घाटात इंजिन बंद करायचं नाही म्हणून." ते शेठनीच सांगितले, आणि चांगल्या चढ्या आवाजात.

रविवारी पुन्हा तोच उतार, त्याच गाद्या, नवे लिंबू. परीक्षेपुरते इंजिन बंद. सर "अजून एकदा" म्हणत राहिले, शेठ ढकलत राहिले, मध्येच पंप गुणगुणू लागला, आणि व्हॅन दर वेळी लिंबापासून तेवढ्याच अंतरावर थांबली. शेवटी शर्वाणीने सरांना ड्रायव्हरच्या जागी बसवले.

"आता तुम्ही दाबा. तुमच्या दुखऱ्या गुडघ्याच्या पायाने."

सरांनी दाबला. पेडल अलगद खाली गेले.

"सोमवारी निघू दे," ते म्हणाले.

"पण लिंबू चिरडलंच नाही," शेठ कासावीस होऊन म्हणाले. "मुहूर्ताचं काय?"

शर्वाणीने जाऊन ते अखंड लिंबू उचलले, फडक्याने पुसले आणि चिरले. सरबताचा पहिला पेला तिने सरांच्या हातात दिला. सरांनी घोट घेतला आणि "पळवायला..." एवढेच म्हटले. वाक्य तिने पुरे करावे म्हणून ते थांबले.

या वेळी ती काही बोलली नाही. तिला ते त्यांच्याच तोंडून ऐकायचे होते.