मधले दार

कडी वाजवून झाली असेल तर सावलीला या, मग सांगतो. ओशाळू नका, येणारा प्रत्येक पाहुणा ती वाजवतोच. नदीवेशीच्या या ओळीत सगळ्यात देखणे दार तेच. दोन बाजूंना जाडजूड गोल खांब, वर साहेबाच्या कचेरीवर असतो तसा त्रिकोणी माथा, खाली रुंद पायऱ्या, सागवानी फळ्या आणि पितळी कडी. फक्त ते उघडत नाही. त्याच्यामागे खोलीच नाही, फळ्या सरळ भिंतीत ठोकलेल्या आहेत.

असे सांगतात की गुळाच्या आणि हळदीच्या पेठेला बरकत आली तेव्हाची ही गोष्ट. इथले रामलिंगशेठ एकदा मुंबईला जाऊन आले आणि तिथल्या इमारतींचे खांब पाहून त्यांचे डोळे दिपले. परत आल्यावर त्यांनी चार पैसेवाल्यांना गोळा केले. एकाला एक चिकटून घरे बांधायची, दोन घरांत एकच सामाईक भिंत ठेवायची, आणि समोरून पाहिले तर सगळी ओळ मिळून एकच राजवाडा दिसला पाहिजे, असे ठरले. पंचाईत एवढीच झाली की घरांची संख्या सम निघाली. राजवाडा म्हटला की दार मधोमध हवे, आणि मधोमध आली ती रामलिंगशेठ आणि पाठकवकील यांच्यातली भिंत. नकाशा बदलायला कुणी राजी होईना, म्हणून भिंतीवरच दार बसवले. खरी दारे राहिली आजूबाजूला, साधी, खांबांच्या आड. ओळ बघायला म्हणे आसपासच्या गावांतून बैलगाड्या येत, आणि शेठजी सज्जात उभे राहून मिशीला पीळ देत.

पुढे एवढा थाट आणि मागे बोळ. संडासांच्या टोपल्या त्या बोळातून उचलल्या जायच्या. ते काम राही नावाची बाई करायची. ती नदीकाठच्या खालच्या वस्तीत राहायची. ओळीतले प्रत्येक मागचे दार तिला पाठ होते, कुठली कडी कुरकुरते तेसुद्धा. पुढच्या रस्त्यावर पाय ठेवायची मात्र तिला मुभा नव्हती. वर्षानुवर्षे जिथे राबली, त्या घरांचे तोंड तिने कधी पाहिलेच नव्हते. हे आमच्याच वाडवडिलांनी केले. सांगताना मान खाली जाते, पण निम्मी गोष्ट सांगून पाहुण्यांना वाटेला लावायचे हे मला जमत नाही.

एका श्रावणात नदी फुगली. भरदिवसा पाणी चढले. आधी खालची वस्ती गेली, मग मागचा बोळ भरला. राही कडेवर लहान मुलगी घेऊन कमरेइतक्या पाण्यातून वाट काढत पुढच्या रस्त्यावर आली. घरांची माणसे तोवर वरच्या मजल्यांवर गेली होती. तिने ओळीकडे पाहिले आणि कुणीही परका माणूस जाईल तिथेच ती गेली, मधल्या मोठ्या दारापाशी. तिने कडी वाजवली, मग तळहातांनी फळ्या बडवल्या.

"मालकीणबाई, पोरीला तरी आत घ्या वो!" असे ती ओरडत होती म्हणे.

ते सगळ्यांनी ऐकले. खिडक्यांच्या झडपांमागे डोळेच डोळे होते. ते दार खोटे आहे हे ओळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते, आणि खरे दार तिच्यापासून हाकेच्या अंतरावर होते. पण एकदा सांगितले की ती तिथे येणार, आली की उघडावे लागणार, आणि उघडले की तिला देव्हाऱ्यावरून माडीवर न्यावे लागणार. रामलिंगशेठच्या माडीला वाटले वकील सांगतील. वकिलांच्या माडीला वाटले शेठ सांगतील. शेठजींची धाकटी सून गौरव्वा हिने तेवढी झडप उघडली, तर सासू तिच्या तोंडावर हात दाबून म्हणाली, "गप गं. शेजारचे सांगतील की."

पाणी कडीला लागले तेव्हा राहीने मुलीला खांद्यावर उभे केले आणि दारावरच्या दगडी कंगोऱ्यावर ढकलले. मग तिने खांबाला मिठी मारली. खांब शोभेसाठी इतके जाड केले होते की तिचे हात एकमेकांना पोचेनात. ओळीने तेही पाहिले.

मुलीला कोळ्यांनी नावेतून येऊन उतरवले. राही कुणालाच सापडली नाही. पूर ओसरल्यावर वस्तीतला सटवा नावाचा म्हातारा या पायऱ्यांखाली येऊन उभा राहिला. त्याने ना शिव्या दिल्या ना काही मागितले.

"पान्याला कोन आडवनार, ते आमाला बी कळतंय," तो म्हणाला. "पर 'दार हिकडं हाय' येवढं बोलाया काय लागत हुतं?"

असे सांगतात की त्यानंतर कित्येक महिने ओळीतली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघत नसत. शेवटी सगळे बसले आणि भिंत फोडून तिथे खरे दार करायचे ठरले. मग प्रश्न आला, दार उघडायचे कुणाच्या घरात? शेठ खोली सोडीनात, वकीलही सोडीनात. एवढे होऊनही हे! ते राहिलेच. त्याऐवजी ओळीने शपथ घेतली की मधल्या दारापाशी कुणीही उभे दिसले, तर ज्याला दिसेल त्याने हातातले काम टाकून हाक द्यायची, आणि ती सटवाच्याच शब्दांत.

म्हणूनच मघाशी तुम्ही कडीला हात घातलात तेव्हा तीन खिडक्यांतून आरडाओरडा झाला. दचकलात, हो ना? आजही या ओळीत लहान मूल बोलायला लागले की ते वाक्य त्याला शिकवतात, आणि आजही कुणी हाक चुकवत नाही. गेल्या उन्हाळ्यात गटार उपसायला आलेली एक बाई पाणी मागायला त्याच दाराशी गेली. चहूकडून हाका आल्या, "दार हिकडं हाय!" ती बिचारी खऱ्या दाराशी आली. दार लगेच उघडले. आणि पाणी तिला उंबऱ्याबाहेर, पायरीवर, वेगळ्या पेल्यात दिले.