चांगुणाक्काचं ओलं अंगण

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे, भैरोबाची शपथ. आता शपथ घेतलीच आहे तर हेही सांगून टाकतो, की हे घडलं तेव्हा मी नव्हतो, माझा बाप नव्हता, आणि ज्याच्याकडून ऐकलं तो आमचा चुलता जन्मात एकदाच खरं बोलला, तेही तापात. पण गोष्ट खरी आहे.

फार फार मागं, डोंगराच्या अंगाला कडेवाडी नावाचं गाव चिकटलेलं होतं. चिकटलेलंच म्हणायचं, कारण सपाट जागा म्हणून तिथं नव्हती. बाईनं भाकरी थापली की ती आपली आपण घरंगळत तव्यावर जायची. तिथल्या बकऱ्यांचे डोंगराकडचे पाय आखूड आणि दरीकडचे लांब असायचे. एखादी चुकून उलटी वळली की थेट खालच्या गावात जाऊन पडायची, म्हणून खालच्या गावानं कधी बकरी विकत घेतली नाही, असं म्हणतात.

माणसांचं एवढं सोपं नव्हतं. जन्मभर एक पाय वर, एक पाय खाली. त्यामुळं कडेवाडीत ज्याची त्याची कंबर एकाच बाजूनं धरलेली. कुणाची डावी, कुणाची उजवी. सोयरीक जमवताना सुद्धा विचारायचे, नवऱ्याची डावी असेल तर पोरगी उजवीची बघा, म्हणजे दोघांत मिळून एक कंबर तरी धड राहील.

या गावात चांगुणाक्का होती. कुंकू पुसून लहान वयातच माहेरी परत आलेली, आणि आईमागं धाकट्या भावाला, सुभानाला, तिनंच वाढवलेलं. तिला मंत्र येत नव्हता की झाडपाला फारसा कळत नव्हता. तिच्याकडं होतं ते अंगण. कुणी कंबर धरून आलं की ती अंगण शेणानं ओलं सारवायची आणि म्हणायची, "चाल." माणूस अनवाणी पलीकडं जायचा. मग अक्का उकिडवी बसून त्याची पावलं वाचायची. टाच कुठं रुतली, अंगठा कुठं वळला, कुठल्या पायाची कड खोल गेली. आणि मान वर न करता दुखण्याचं मूळ सांगायची.

ठकूबाईला म्हणाली, तुझ्या कंबरेत काही नाही, त्या घोड्याएवढ्या पोराला डाव्या कडेवरून खाली उतरव. पाटलांची उजवी बाजू धरली होती. त्यांना म्हणाली, "पाटील, चावडीत बसताना तुम्ही सारखे एकाच लोडाला रेलता. तिकडं तुमचे साडू बसतात. आता जरा दुसऱ्या अंगाला रेला." पाटील रेलले. त्यांची कंबर तर सुटलीच, पण गावातले तीन जुने तंटेही सुटले, असं म्हणतात.

अक्काचं कधी चुकत नाही, असं लोक म्हणू लागले. लोक म्हणतात तोवर ठीक असतं. हळूहळू तीही म्हणू लागली.

आता सुभाना. अंगानं धडधाकट, पण कामाचा चोर. नांगरटीला याचं पोट दुखायचं आणि जत्रेला बरं व्हायचं. कडेवाडीची रीत अशी, की सुगी उलगडली की सगळ्या गावानं मिळून उताराची माती अडवायला शेतांच्या दगडी ताली बांधायच्या, घरटी एक माणूस. माणूस न देणाऱ्या घराला वर्षभर बोल लागायचा. अक्काच्या घरात देण्यासारखा माणूस एकच होता.

त्या सकाळी माणसं पहारी घेऊन तिच्या दारावरून निघाली होती, आणि सुभाना उजवी बाजू धरून उंबऱ्यात आला. "अक्का, इथं धरलंय बघ. बसवत नाही, निजवत नाही."

माणसं थांबली. एकजण म्हणाला, गेल्या साली पोट होतं, औंदा कंबर आली, पुढच्या साली गुडघ्यावर उतरेल. सगळे हसले. अक्काच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं अंगण सारवलं आणि म्हणाली, "चाल."

सुभाना चालला. पलीकडं गेला, परत आला, पुन्हा गेला. अक्का पावलांवर वाकली. दोन्ही पावलं सारखी. सणाला दारात काढलेली लक्ष्मीची पावलं असावीत तशी. ना टाच खोल, ना कड तिरकी.

"पावलं खोटं बोलत नाहीत, सुभाना," ती म्हणाली. "माणसं बोलतात."

त्यानं पहार उचलली आणि माणसांच्या मागनं गेला. त्या दिवशी त्यानं दगड वाहिले, दुसऱ्या दिवशीही वाहिले. तिसऱ्या दिवशी अंगात कापरं भरलेलं असताना तो एकटाच खिंडीच्या वाटेला लागला, कारण खिंडीपलीकडच्या पेठेत दवाखाना होता. घरात सांगून गेला नाही. सांगणार कुणाला?

गुराख्यानं येऊन वर्दी दिली तेव्हा अक्का पीठ मळत होती. तशीच पिठाच्या हातानं धावली. खिंडीच्या तोंडाशी जांभळीखाली सुभाना मुळीवर डोकं टेकून पडला होता. तिनं मांडीवर घेतलं. त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "अक्का, तुझं चुकलं नाही गं. माझंच तोंड खोट्याला सवकलेलं." आणि मान टाकली.

पुढं अक्कानं जाऊन सगळं सांगितल्यावर दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, मूतखडा अडकून आत पू झाला असेल. ते कंबरेचं दुखणं नव्हतंच, नुसतं कंबरेत येऊन बसलं होतं.

दिवस घालून झाल्यावर अक्कानं अंगण सारवलं. सकाळी बघते तर त्यावर सुभानाची पावलं. पुन्हा सारवलं, पुन्हा उमटली. शेणाची पाटी संपली, पावलं संपेनात, असं म्हणतात. शेवटी ती त्यांच्यासमोर खाली बसली आणि तेव्हा पहिल्यांदा तिनं ती नीट बघितली. पावलं जात होती, येत होती, पुन्हा जात होती, आणि कुठंही थांबलेली नव्हती.

कंबर धरलेला माणूस जिथं जरा बरं वाटेल तिथं, त्या कुशीवर, तसा वाकून थांबतो. ज्याला कुठंच थारा मिळत नाही, त्याचं दुखणं आत असतं. एकेक पाऊल तिनं वाचलं होतं. चालणं वाचलं नव्हतं.

त्यानंतर ज्याची पावलं सारखी निघत त्याला ती ताप आहे का, लघवीला जळजळतं का, विचारायची आणि पदर खोचून त्याच्याबरोबर खिंड चढायची. एकदा पाटलांना तिनं पाठीवर नेलं, असं म्हणतात, आणि पाटील वाटभर एकाच बाजूला रेलून होते.

आज कडेवाडीत सगळ्या अंगणांत फरशी आली. पण भैरोबाच्या देवळापुढं एक पट्टा मातीचाच ठेवलाय. कंबर धरली की माणूस तिथं येतो, बायका पट्टा सारवतात आणि म्हणतात, "चाल, अक्का बघतेय." पावलं तिरकी पडली तर सगळं गाव हसतं आणि फुकटचे उपाय सांगतं. सारखी पडली तर कुणी हसत नाही. खरंच दुखतंय का, असं विचारत नाही. कुणीतरी उठतं आणि जीप चालू करतं.

बकऱ्यांचं खोटं होतं, ते तुम्ही ओळखलंच असेल. पावलांचं काय ते तुम्ही ठरवा. पण जांभळीखालचं सुभानाचं बोलणं, ते माझं आहे. चुलत्याच्या गोष्टीत अक्का पोचली तेव्हा सुभाना गार पडलेला होता. मीही तसंच सांगायला बसतो दर वेळी. पण जांभळीपाशी आलो की पिठाचे हात घेऊन ती समोर उभी राहते, आणि मला तिला तसंच माघारी धाडवत नाही.