चाळिसावा सेवेकरी

आधारगृहातले सेवेकरी पुन्हा पळाले! या खेपेला तर एकाने भिंतीवरून उडी मारली. पाय मुरगळला, तरी थांबला नाही.

राजा धैर्यधर संतापला. ज्यांना कोणी नाही अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी त्याने मोठ्या हौसेने आधारगृह बांधलं होतं. दारावर स्वतःचं नाव कोरून घेतलं होतं, तेही तीन ठिकाणी. आता त्या म्हाताऱ्यांची उठबस करायला बिनपगारी सेवेकरी हवे होते, तर एकही टिकेना!

"गंभीरराव, लोक पळतात का?" त्याने सेवामंत्र्यांना विचारलं.

"प्रजेत सेवाभावच उरला नाही, महाराज!" गंभीरराव कळवळून म्हणाले. "मी काय कमी करतो? रोज सकाळी त्यांना उन्हात उभं करून सेवेचं महत्त्व सांगतो. मग शपथ. मग हजेरी. मग काल कोणाचं काय चुकलं ते सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. एवढ्यात दुपार होते आणि काम सांगायचं राहून जातं, ते सोडा. आता दवंडीच पिटू या. जो स्वखुशीने येणार नाही, त्याला दहा फटके!"

शेजारच्या दालनात खुदकन हसू फुटलं.

"कोण हसलं?" राजा गरजला.

राणीसाहेबांना बांगड्या भरायला आलेली गोदू कासारीण पुढे आली. "मीच, महाराज. फटक्यांच्या भीतीने आलेली स्वखुशी कशी दिसते, ते डोळ्यांपुढे आलं."

"फार शहाणी आहेस! मग तूच आण सेवेकरी. पगार द्यायचा नाही, हुकूम सोडायचा नाही. पुढच्या पौर्णिमेला मी स्वतः मोजायला येईन. चाळीस भरले पाहिजेत. एक जरी कमी पडला, तर या नगरात तुझी बांगड्यांची पेटी पुन्हा उघडायची नाही!"

गोदूच्या घरी आजारी सासू, दोन लेकी. पेटी बंद म्हणजे चूल बंद. पण ती हात जोडून म्हणाली, "एकच मागणं आहे, महाराज. महिनाभर गंभीररावांना विश्रांती द्या. बोलून बोलून फार थकलेत ते."

आतून राणीसाहेब हसल्या, त्यामुळे राजाला हो म्हणावंच लागलं.

गोदू थेट आधारगृहात गेली आणि तिथे आजवर कोणीच न केलेली गोष्ट तिने केली. म्हाताऱ्यांना विचारलं, "तुम्हाला हवंय काय?" कोणाला आंघोळ हवी होती, कोणाला डाळीत मीठ, कोणाला फक्त गप्पा.

मग पेटी काखेत मारून ती घरोघर फिरली. वीस वर्षं याच घरांत बांगड्या भरल्या होत्या. कोणाच्या हातात काय गुण आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"भिकू पहिलवान, विठूअण्णांना उचलून न्हाणीत न्यायचंय. तुमच्याशिवाय हे कोणाला जमणार? मंगळवारी तासभर या आणि खुशाल घरी जा." पहिलवानाची छाती फुगली. तो बुधवारीही आला.

चंपूताईंनी तोंड उघडलं की घरातली माणसं परसात पळायची. गोदू त्यांना म्हणाली, "तिथे एक बहिरे आजोबा एकटेच बसून असतात." चंपूताईंचे डोळे चमकले. त्या बोलत राहिल्या, आजोबा मान डोलावत राहिले. दोघांनाही इतकं सुख पूर्वी कधी मिळालं नव्हतं!

एक दिवस रंगारी गणबा आलाच नाही. "पळाला!" सगळे म्हणाले. गोदू त्याच्या घरी गेली, तर मूल तापाने फणफणलेलं. तिने काढा उकळून दिला आणि म्हणाली, "लेकरू बरं झालं की या. तोवर तुमचं काम मी करते." चार दिवसांनी गणबा परतला, तो मेहुण्याला घेऊनच!

गंभीरराव घरी विश्रांती घेत होते. भाषणं आता एकट्या बायकोला ऐकवत होते. तीही पाचव्या दिवशी आधारगृहात सेवेकरी झाली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बरोबर चाळीस सेवेकरी होते. पण पौर्णिमेच्या सकाळीच काशीबाई लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेल्या. उरले एकोणचाळीस! "निवांत जा, लेकीकडे बघा," असं म्हणून गोदूने त्यांना निरोप दिला खरा, पण आता नवा सेवेकरी शोधायला वेळच उरला नव्हता.

राजा आला तेव्हा सगळे कामात गुंतलेले. कोणी वळूनही पाहिलं नाही. ओसरीवर बसलेल्या यमुनाआजींनी मात्र त्याचा हात धरला. त्यांना दिसत नव्हतं.

"आलास? बस. या खलबत्त्यात पान कुटून दे. दात गेले रे माझे."

राजाने इकडेतिकडे पाहिलं आणि तो बत्ता उचलून बसला.

"अरे, जोर लाव! हाताला लोणी लावलंय का? मी राजवाड्यात दासी होते, तिथलं आळशी मांजरसुद्धा याहून कामसू होतं. आत्ताच्या राजाचा आजा बदकांना कसा भ्यायचा, ऐकायचंय?"

राजा कुटत राहिला, ऐकत राहिला, पोट धरून हसत राहिला. पान संपलं तशी आजी म्हणाल्या, "उरलेलं उद्या."

"उद्या येतो," राजा म्हणाला.

इकडे राजाबरोबर आलेल्या गंभीररावांची मोजणी आटोपली होती. "एकोणचाळीस!" ते आनंदाने ओरडले. "एक कमी, महाराज!"

"गोदू, हरलीस तू," राजा उठत म्हणाला.

"पुन्हा मोजा, महाराज. आपण इतका वेळ पान कुटलंत. पगार कोणी दिला? हुकूम कोणी केला? वर आजींना उद्या येतो म्हणालात. हे झाले चाळीस!"

"पण महाराजांनी सेवेची शपथ कुठे घेतलीय?" गंभीरराव किंचाळले.

"म्हणूनच तर उद्या येणार आहेत!" गोदू म्हणाली.

राजा इतक्या जोराने हसला की विठूअण्णा न्हाणीतून ओरडले, काय झालं म्हणून. त्याने गळ्यातला कंठा काढून गोदूला दिला, भर पेठेत तिला बांगड्यांचं दुकान दिलं आणि आधारगृहाचा कारभार तिच्या हाती सोपवला. तो अजून हसतच होता, एवढ्यात ओसरीवरून यमुनाआजींचा आवाज आला, "अरे ए, जाताना माझा बत्ता कुठे घेऊन चाललास?"