भुलवेलीकडचा नाच

त्या राज्यात सांगण्यासारखं जे काही असेल ते नाचून सांगत. राज्य म्हणजे ऐनाच्या एका जुन्या झाडाच्या ढोलीतलं मोहोळ. एखाद्या माशीला बाहेर चांगला फुलोरा सापडला की ती घरी येऊन पोळ्याच्या मधल्या अंगणात नाचायची. तिचं तोंड जिकडे वळेल ती फुलोऱ्याची दिशा आणि ती जितका वेळ थरथरेल तितकं त्याचं अंतर. बाकीच्या माश्या तिच्या पाठोपाठ पावलं गिरवून उडून जायच्या. पिढ्यान् पिढ्या राज्याचं पोट असंच भरत आलं होतं.

नाव ठेवण्याचीही तिथे एक रीत होती. माशीने घरी आणलेला पहिला रस ज्या फुलाचा, त्या फुलाचं नाव तिला मिळे. त्यामुळे एका माशीला घाणेरी म्हणून जन्म काढावा लागत होता. बिचारीच्या पहिल्या फेरीला वारा उलटा पडला आणि ओढ्याकाठी जी झुडपं भेटली त्यांच्यावर तिने भागवलं. तिच्या शेजारच्या घरात वाढलेली माशी मात्र पहिल्याच उड्डाणात जांभळाच्या बहरावर जाऊन आली आणि जांभळी झाली. जांभळी येता-जाता घाणेरीला चिडवायची. दुसऱ्या कुणी चिडवलं तर मात्र त्या चिडवणारीच्या अंगावर धावून जायची.

दोघी लहान होत्या तेव्हा पोळ्याच्या निसरड्या कडेवर खेळत. एक जण फार कडेला गेली की दुसरी समोर येऊन तिच्या कपाळाला कपाळ लावायची आणि हलकेच एकदा गुणगुणायची. थांब, एवढाच त्याचा अर्थ. मोठ्या झालेल्या माश्या हा पोरखेळ केव्हाच विसरून गेल्या होत्या.

मग एका वर्षी ओढ्यापलीकडच्या पडक्या कुंपणावर भुलवेल चढली. तिची फुलं निळी, खोल आणि दिवसभर उघडी. रस प्यायलेल्या माशीला आपले पंख आहेत हेच जाणवत नसे, इतकं हलकं वाटे. ती घरी येऊन असा काही नाच करी की पोळं हलायचं. तरुण माश्यांना तो नाच फार आवडला. जुन्या फुलोऱ्यांचे नाच त्यांना तोंडपाठ होते आणि तोंडपाठ गोष्टीकडे कोण बघतं?

जांभळी गेली. तिच्या मागोमाग घाणेरीही एकदा गेली. खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. सूर्य अगदी हाताशी आल्यासारखा वाटला आणि स्वतःचं नावसुद्धा गोड वाटलं. पण परतताना तिला ऐनाचं झाड काही केल्या सापडेना. शोधता शोधता ती पुन्हा वेलीखालीच येऊन पोचली, आणि तिथे मातीत तिला गेल्या आठवड्यात वेलीवर आलेल्या मैत्रिणी दिसल्या, त्यांत शेवंतीही. त्या उताण्या पडल्या होत्या आणि त्यांचे पाय अजून नाचत होते. घाणेरी दिवस मावळता मावळता कशीबशी घरी आली. लाज वाटली म्हणून तिने यातलं अक्षरही कुणाला सांगितलं नाही.

दाराच्या पहाऱ्यावर हिरडीमावशी मुख्य होती. नव्या माशीचा रस हुंगून नाव ठेवणारीही तीच. तिचं नाक तिखट आणि स्वभाव त्याहून तिखट. तिने हुकूम काढला की जिच्या अंगाला भुलवेलीचा वास येईल तिला आत घ्यायचं नाही. पहारेकरणींनी पहिल्याच दिवशी नऊ जणींना ढकलून दिलं. त्या नऊ जणी तोंड फिरवून जिथून आल्या होत्या तिथेच परत गेल्या.

तेव्हा वडीलधाऱ्यांनी ठरवलं की पोरींना नीट समजावून सांगायचं. हिरडीमावशी आणि तिच्या वयाच्या अकरा जणी अंगणात उतरल्या आणि धोका कुठे आहे ते सगळ्यांना कळावं म्हणून जीव तोडून नाचल्या. कळवळा अगदी खरा होता, त्यामुळे थरथरही जोराची झाली. दिशा अचूक, अंतर अचूक. इतका नेमका आणि इतका पोटतिडकीचा नाच त्या अंगणाने त्याआधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्यांना भुलवेल ठाऊकही नव्हती अशा चाळीस पोरी तिकडे उडाल्या.

त्याच दिवशी दुपारी जांभळी परतली. तिच्या डाव्या पंखाची कड फाटली होती आणि दारात तिला उभंही राहवत नव्हतं. पहारेकरणी तिला ढकलणार तोच घाणेरी मध्ये घुसली.

"हिला बाहेर काढलंत तर ही तिकडेच जाईल, मावशी," ती म्हणाली. "सध्या हिला आत घेणारं तेवढं एकच ठिकाण उरलंय."

सकाळी उडालेल्या चाळीस पोरी हिरडीमावशीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. ती बाजूला झाली.

जांभळी आत आली ती थेट अंगणात गेली आणि भुलवेलीचा नाच नाचू लागली. वीस-पंचवीस पोरी तिच्या मागे लागल्या. घाणेरीने शेजारीच करंजाच्या फुलोऱ्याचा नाच सुरू केला, पण कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. जांभळीचं अर्धं वळण पुरं झालं. आणखी दोन-तीन फेऱ्या झाल्या असत्या की पोरी उडाल्या असत्या, आणि त्यांच्या पुढे जांभळी. त्या पंखाने ती परत येऊ शकणार नाही हे घाणेरीला दिसत होतं. ती घाबरली, आणि घाबरलेल्या जिवाला लहानपणची सवय आधी आठवते. ती जांभळीच्या समोर गेली, कपाळाला कपाळ टेकवलं आणि हलकेच एकदा गुणगुणली.

जांभळीने तिला झिडकारलं आणि नाच पुन्हा सुरू केला. घाणेरी पुन्हा समोर. तिसऱ्यांदा जांभळीने तिला खाली पाडलं. घाणेरी उठली आणि लपवून ठेवलेलं सगळं सगळ्यांसमोर बोलली.

"मी जाऊन आलेय. रस गोड आहे, खोटं कशाला बोलू? पण परतताना घर सापडत नाही. मला सापडत नव्हतं, जांभळे. आपल्या शेवंतीला सापडलंच नाही. ती खाली पडलीय."

मग मागच्या रांगेतून तिळवण नावाची पोर पुढे आली. तीही जाऊन आली होती आणि तीही आजवर गप्प होती. तिने आपलं कपाळ जांभळीच्या कपाळाला लावलं. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. चार कपाळांच्या मध्ये जांभळीची थरथर हळूहळू उतरली आणि ती खाली बसली. मागच्या पोरी जागीच उभ्या राहिल्या, कारण आता गिरवायला पावलंच नव्हती.

हिरडीमावशी हे सगळं वरून बघत होती. ती खाली आली आणि घाणेरीजवळ बसून म्हणाली, "आम्ही बारा जणींनी मिळून वाट दाखवली गं." असं कबूल करायची तिला सवय नव्हती. मग तिने विचारलं, आता आम्ही काय करायचं?

घाणेरीने मागितलं ते थोडकंच होतं. अंगण आमच्याकडे द्या, आणि तुम्ही जवळपासचा चांगला फुलोरा शोधून ठेवा, कारण थांबवलेल्या पोरीला कुठेतरी जायला हवं. म्हाताऱ्यांना हे काम फार मानवलं. करंजावर कुठली फांदी आधी फुलते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

जांभळी एका दिवसात सावरली नाही. ती दोनदा निसटून पुन्हा वेलीखाली जाऊन बसली. दुसऱ्या खेपेला तिला उडता येत नव्हतं, तेव्हा घाणेरी आणि तिळवण तिला मध्ये घेऊन ओढ्यावर आडव्या पडलेल्या खोडावरून चालत घरी आल्या. तिचा पंख पुन्हा धड झाला नाही. लांबची उड्डाणं संपली, म्हणून तिने अंगणातच मुक्काम ठोकला.

पुढच्या बहराला भुलवेल पुन्हा फुलली. एका सकाळी पहिल्याच फेरीवर गेलेली एक बिननावाची पोर दारातून धडपडत आत आली. अंगाला निळसर वास, डोळ्यांत भलतीच चमक. तिने अंगणात येऊन ओढ्याकडे तोंड केलं आणि थरथरायला सुरुवात केली. पाव वळण व्हायच्या आत तिच्या कपाळाला एक कपाळ टेकलं. ते जांभळीचं होतं. मग दुसरं, तिसरं, सातवं. कुणी तिला रागावलं नाही आणि कुणी हललंही नाही. ती शांत झाली तशी जांभळीने तिचं तोंड सावकाश करंजाच्या बाजूला वळवलं आणि तिच्यासोबत दोघींना पाठवलं.

संध्याकाळी पोर परतली तेव्हा तिच्या पायांना करंजाचे पराग चिकटले होते. रिवाजाप्रमाणे हिरडीमावशी नाव ठेवायला पुढे आली. तिने पोरीला हुंगलं. परागांच्या खालून निळा वास अजून येत होता आणि मावशीचं नाक काही म्हातारं झालं नव्हतं. सगळं अंगण तिच्याकडे बघत होतं.

"पहिला रस कशाचा?" तिने विचारलं.

"करंजाचा," फाटक्या पंखाची जांभळी म्हणाली.

मावशीने पोरीला पुन्हा एकदा हुंगलं, नीट, सावकाश.

"ये गं करंजी," ती म्हणाली आणि वाटेतून बाजूला सरकली.