पैसा घरी वस्तीला

पुष्कळ जुनी गोष्ट आहे बाळांनो. इतकी जुनी, की ती घडली तेव्हाच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. थोरांनीही ऐका, कारण ही खरं तर थोरांचीच गोष्ट आहे.

एका गावात घोंगड्या विणणारा एक सणगर राहत होता. हाताचा मोठा गुणी. त्याची घोंगडी अंगावर घेतली की पाऊस बाहेर राही आणि ऊब आत. बाजारात त्याच्या घोंगडीला कुणी नाव ठेवत नसे. पण त्याच्या घराला मात्र सगळं गाव नाव ठेवी.

कारण त्या घरात पैसा टिकत नसे. दारू नाही, जुगार नाही, तरीही टिकत नसे. बाजारात घोंगडी विकली की सूर्य मावळायच्या आत त्यातला शेवटचा पैसा खर्च झालाच पाहिजे, अशी त्या घराची रीत होती. "पैसा घरी वस्तीला आणू नये," असं त्याला त्याच्या बापानं सांगितलं होतं, बापाला आज्यानं सांगितलं होतं. का, ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

म्हणून त्या घरात चार चाळण्या होत्या आणि चाळायला पीठ नव्हतं. तीन अडकित्ते होते आणि पान कुणी खात नव्हतं. फडताळात मोरपिसांचा पंखा होता, खुंटीवर कुणा नवरदेवाचा मुंडावळ्यांचा जोड होता.

गाठीला पैसा नाही, म्हणून त्याला स्वतःची लोकर घेता येत नसे. पेठेतला व्यापारी लोकर देई, हा विणी, दहा घोंगड्या व्यापाऱ्याला जात आणि दोन याला मजुरी म्हणून मिळत. पण त्या वर्षी व्यापाऱ्याचा माणूस सांगून गेला, "धन्याला आता घरोघर लोकर धाडणं परवडत नाही. माग उपटून पेठेत घेऊन ये. वखारीत बसायचं, तिथंच खायचं, तिथंच निजायचं. बायकोला वर्षातून दोनदा भेटायला सोडू."

सणगराच्या तोंडचं पाणी पळालं. वाट एकच होती. चार बाजारांनंतर धनगर दोन कोसांवरच्या नदीकाठी मेंढ्या कातरायला बसणार होते. ज्याच्या हातात रोख पैसा, त्याला लोकर. दोन घोंगड्यांचे पैसे राखले तरी गाठोडंभर लोकर येत होती, आणि घरात मजुरीच्या चार घोंगड्या होत्या.

बायको म्हणाली, "दर बाजाराला एक विकू. पैसे मी सांभाळते."

पहिल्या बाजारी दोघं मिळून गेली. घोंगडी चांगल्या भावानं गेली. बायकोनं पैसे कनवटीला खोचले ते घरी येईपर्यंत हात काढला नाही. पण दिवस कलला तसा सणगर उठबस करायला लागला. सूर्य बाभळीच्या शेंड्याला टेकला तेव्हा तो हिव भरावं तसा कापायला लागला.

"अहो, काय होतंय?"

"ते घरात आहे ना, तोवर माझ्या पोटात कोणीतरी मूठ आवळतंय बघ. दे. तुझ्या पाया पडतो, दे."

बायको घाबरली. माणूस गेला तर लोकर घेऊन काय करायचं? तिनं पैसे दिले. तो धावत वेशीकडे गेला. बाजारातून परतणारा एक फेरीवाला तिथं गाडी सोडून बसला होता. घटकाभरानं सणगर परत आला तो हसतच. हिव गेलं, कापरं गेलं. हातात बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ होती.

"बैल कुठाय?" बायको म्हणाली.

त्यानं घुंगरमाळ मुंडावळ्यांशेजारी खुंटीला टांगली.

त्या आठवड्यात सणगराची म्हातारी आत्या माहेरपणाला आली. दात सगळे गेलेले, पण जीभ शाबूत. तिनं घरभर नजर फिरवली, चाळण्या बघितल्या, अडकित्ते बघितले, घुंगरमाळ वाजवून बघितली.

"अगदी माझ्या आज्याचं घर गं बाई!" ती म्हणाली. "तोही असाच. एकदा बाजारातून होडीचं वल्हं घेऊन आला होता. आमच्या गावाला नदी कुठली, ओढा होता तोही फाल्गुनात आटायचा."

"हसताय काय आत्याबाई," बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "यांना पेठेत नेऊन कोंडणार आहेत."

आत्याचं हसू मावळलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सणगराकडे वळली. "लेका, पैसा वस्तीला का आणायचा नाही, ते ठाऊक आहे का तुला?"

"नाही. तसं करायचं नसतं एवढं ठाऊक आहे."

"मग ऐक. आज्याच्या काळी राजा दुसरा होता. बाजाराच्या दिवशी सांज झाली की त्याचे घोडेस्वार गावात शिरायचे. घरोघर झडती. नाणं सापडलं की नाणं जायचं, वर पाठीवर चाबूक. चाळणी, ताटं, वल्हं यांना कोणी हात लावत नसे. घोड्यावर कुठं बांधायचं ते? आज्यानं एकदा दोन नाणी चुलीच्या राखेत पुरून ठेवली होती. ती सापडली. त्या पाठीला मी लहानपणी तेल लावायची. वळ माझ्या बोटांना लागायचे."

"आणि तो राजा?"

"मेला की! तुझा बाप जन्मायच्या आधी मेला. हा राजा बरा, याचा बापही बरा होता."

"मग पणज्यानं माझ्या आज्याला का नाही सांगितलं?"

"मार खाल्लेला माणूस माराची गोष्ट सांगत नाही रे. लाज वाटते. पोरांना त्यानं एवढंच सांगितलं, पैसा वस्तीला आणू नका. पुढचं गिळलं."

सणगराच्या बायकोनं कपाळावर हात मारला. "म्हणजे इतकी वर्षं या घरात मेलेल्या राजाचा धाक चाललाय!"

दुसऱ्या बाजाराला सणगर एकटाच गेला. आता कारण कळलंय, आता कसली भीती, असं म्हणत गेला. पण डोक्याला कळलं म्हणून पाय थोडेच ऐकतात? गावाच्या वेशीपर्यंत आला आणि पाय मागं वळले. घरी आला तो लाकडी पोपट घेऊन. उंबऱ्यातच बसला आणि लहान मुलासारखा रडला.

बायकोच्या ओठांवर कडू शब्द आला होता. आत्यानं तिला डोळ्यांनी थांबवलं.

"तीन पिढ्यांचं भ्यालेलं एका बाजारात सुधारतंय होय?" आत्या म्हणाली. "पुढच्या बाजारी सांज व्हायच्या आत घरी ये, माझ्याशेजारी बस आणि काही करू नकोस. कापायचं तर काप. मी धरून बसते."

दोनच घोंगड्या उरल्या होत्या. आता चुकायला जागा नव्हती.

तिसऱ्या बाजारी सणगर पैसे मुठीत घेऊन घरी आला आणि आत्याशेजारी उंबऱ्यावर बसला. गुरं परतली. सूर्य मावळला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि आत्यानं त्याचं मनगट घट्ट धरलं होतं.

आणि तेवढ्यात घोड्याच्या टापा वाजल्या.

खोटं नाही सांगत. खरोखरीचा घोडा, वर राजाचा खरोखरीचा स्वार, डोक्याला पागोटं, कमरेला तलवार. तो थेट याच्या दारात थांबला. आत्याचाही हात सुटला. सणगर उठला, पुढं गेला आणि स्वारानं तोंड उघडायच्या आत मूठ उघडून त्याच्यापुढं धरली.

"घ्या. सगळे आहेत. मारू नका."

स्वार नाण्यांकडे बघतो, सणगराकडे बघतो.

"अरे बाबा," तो म्हणाला, "मी तांब्याभर पाणी मागायला थांबलोय. पाणी पिणारा मी, आणि पैसे तू कशाचे देतोस?"

आत्या हसली. बोळकं उघडून अशी हसली की तिचा पदर खाली पडला. मग बायको हसली. घोड्यावरचा स्वार काही न कळता हसायला लागला. आणि सणगर? तो हसता हसता खाली बसला, आणि त्याच्या छातीवरून कोणीतरी जात्याची तळी उचलावी तसा त्यानं श्वास सोडला. पैसा घरात असताना त्याच्या पोटातली आवळलेली मूठ जन्मात पहिल्यांदा सुटली होती.

बायकोनं पाणी आणलं, गुळाचा खडा दिला. स्वार पाणी पिऊन, दुवा देऊन आपल्या वाटेनं गेला.

सकाळी सणगरानं उशाखाली हात घातला. वस्तीला राहिलेलं नाणं तो प्रथमच बघत होता. गार होतं, बाकी कालच्यासारखंच होतं.

चौथ्या बाजारी घोंगडी चढ्या भावानं गेली. वरच्या पैशांत त्यानं आत्यासाठी मऊ खजूर घेतला, बायकोसाठी बांगड्या घेतल्या, कारण घरी पैसे न्यायचे म्हणजे हात आखडायचा असं थोडंच आहे? उरलेले नीट गाठीला बांधून तो शीळ घालत घरी आला. पुढच्या आठवड्यात नदीकाठी धनगरांच्या पुढ्यात त्यानं रोख पैसे मोजले आणि काळ्याभोर लोकरीचं गाठोडं डोक्यावर घेतलं. व्यापाऱ्याचा माणूस माग न्यायला आला तेव्हा माग चालू होता.

"धन्याला रामराम सांगा," सणगर आतूनच म्हणाला. "ही माझ्या लोकरीची घोंगडी आहे."

तो आपल्या घरी राहिला, आपल्या मागावर बसला. पुढं त्याला लेक झाली. ती जाणती झाल्यावर त्यानं तिला पैसा राखायलाही शिकवलं आणि मोकळ्या हातानं खर्चायलाही शिकवलं. पण जे जे शिकवलं, त्याचं कारण सांगूनच शिकवलं, मग ते सांगताना लाज वाटो की रडू येवो.

म्हणून बाळांनो, वाडवडिलांची रीत घ्यावी, पण ती कुठल्या दिवसांसाठी होती ते विचारून घ्यावी.