लुकणावरची निशाणी

“गाठ खंय होती ती गावली काय, दाजी?”

 उभ्या करून ठेवलेल्या फणसाच्या लाकडाच्या दारासमोर दाजी मेस्त्री मांडी घालून बसले होते. त्यांचं बोट फळीवरून हिंडत होतं, वरून खाली, खालून वर...

विचारणारा त्यांचा शिष्य विश्राम हाताची घडी घालून उभा होता. हसू चेहऱ्यावर मावत नव्हतं, आणि का मावावं? मधल्या फळीतली बोराएवढी गाठ निसटून आरपार भोक पडलं होतं. दुसऱ्या कुणी फळीच भिरकावली असती. या पठ्ठ्याने त्याच फळीचा भुसा जपून ठेवला, वस्त्रगाळ केला, निखाऱ्यावर पातळ केलेल्या सरसात मळला आणि ते लुकण भोकात ठासून भरलं. वाळल्यावर रंग गडद येतो, म्हणून भुसा फिकट तेवढाच निवडला. वर फणसाच्या रेषासुद्धा ओढल्या.

“नाय गावली,” दाजी शेवटी म्हणाले.

“जन्म लाकडात गेलो तुमचो. तुमका नाय गावली, मगे कोणाक गावतली?”

दाजी हसले.

दाजींच्या हाताखाली शिकलेल्याने स्वतंत्र काम घ्यायचं ते दाजींनी पटाशी हातात देऊन ‘निशाणी कोर’ म्हटल्यावरच, अशी रीत होती. विश्रामने आपली निशाणी केव्हाच ठरवून ठेवली होती, मोराचं पीस. खालच्या वाडीतल्या देवळाच्या सभामंडपाचं काम त्याच्यासाठी अडून राहिलं होतं. आज ते दोन शब्द ऐकल्याशिवाय तो हलणार नव्हता.

दाजींनी बारीक पटाशी पुढे केली.

 विश्रामने वाकून पाय धरले.

“कोर निशाणी. पण एक सांग, ह्या दारात तुका सगळ्यात जास्त अभिमान कसलो?”

विचारायचं काय त्यात! “लुकणाचो.”

“मगे थंयच कोर.”

...

विश्रामचा हात थबकला. लुकणावर पटाशी चालवायची नसते, हे सुताराच्या घरात पाळण्यातलं पोरही जाणतं. पण बोललेला शब्द माघारी घेईल तो विश्राम कसला! त्याने अचूक जागेवर पटाशी तिरकी टेकवली आणि हलकेच ठोका दिला.

गोळा टचकन निसटला आणि दाजींच्या मांडीवर पडला. भोकातून पलीकडचा माड दिसू लागला.

दाजींनी गोळा उचलला, बोटांत फिरवला, त्याचा वास घेतला.

“झकास केलंस हां,” ते म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.

विश्रामचे कान तापले. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

“सांजेपर्यंत परत भरतंय. निशाणी हयसर कोरतंय,” म्हणत त्याने पटाशी वीतभर वर, पिवळ्याधमक निर्दोष लाकडावर नेली.

दाजींनी तिथे तळहात ठेवला.

“ह्यां तू केलंस?”

“रंधो मारलंय, दाजी. आरशासारखो.”

“रंधो मारलंस. लाकूड कोणी केल्यान?”

“...फणसान.”

“मगे त्याच्या कामार तुझी निशाणी कित्याक?”

 जे विश्रामचं होतं तिथे निशाणी टिकत नव्हती, आणि जिथे टिकली असती ते त्याचं नव्हतं. हाताशी आलेला सभामंडप निसटत चालला होता. त्याला राग आला, रडू फुटेल इतका. आणि त्या रागातच पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं की दाजींनी घडवलेली दारं, देव्हारे, पालख्या पंचक्रोशीत जिकडेतिकडे आहेत; पण त्यातल्या एकावरही...

“तुमची निशाणी खंय आसा, दाजी?” त्याचा आवाज चढलाच.

दाजींनी लुकणाचा गोळा त्याच्या तळहातावर ठेवला.

“माझी?... जागा बघतंय अजून.”